लागू नाही

मार्च संपत आला. शंकरनगरच्या चौथ्या मजल्यावर
एसी बावीसवर, आणि मी लिहिते आहे परिच्छेद चार:
आमच्या कामकाजात व पुरवठा साखळीत
आधुनिक गुलामगिरीची जोखीम.
मर्यादा तीनशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
जोखीम कुणाला, ते नमुन्यात विचारलेलं नाही.
पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने
मजुरांना, असं धरून लिहिलं होतं.
देवपुजारी सरांनी ते हिरव्या शाईने दुरुस्त केलं.

आम्ही टॉवेल करतो, बुटीबोरीत.
परदेशातल्या एका दुकानात ते निळ्या रिबिनीत बांधून ठेवतात
आणि त्या दुकानाला दरवर्षी हवं असतं एक पान,
संचालकांच्या सहीचं,
की हे विणताना कुणाचाही हात
कुणी धरून ठेवलेला नव्हता.

कापूस: सात जिनिंग, सातही उत्तरं आली.
रंग: गुजरात. शिक्क्यासकट आलं,
चाळीस रकान्यांत एकाच वळणाचं 'नाही'.
सूतगिरणी: वसतिगृह आहे, फाटकाला कुलूप आहे,
कुलूप मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे.
हे वाक्य मी तीन वर्षं जसंच्या तसं उचलते.

उचल.
हा शब्द मी कन्हानपलीकडे ऐकला.
नव्या गोदामाच्या विटा बघायला
स्टोअरच्या नगराळेसोबत गेले होते,
कोराडीची राख कालवलेल्या विटा, अजून कोमट,
आणि थप्पीच्या टोकाला इतवारीन,
बलौदाबाजारकडची,
मांडीवर पोर, पोराच्या केसांत तीच राख.
दिवाळीआधी घेतलेले तीस हजार.
हजार विटांमागे किती फिटतात ते मुनशीच्या वहीत,
वही मुनशीच्या कपाटात,
आधार कार्डं बिस्किटाच्या डब्यात.
"हरपते नं मॅडम ह्यायच्याकून," रहांगडाले मुनशी म्हणाला,
"म्हून जपून ठेवतो. मले काय कराचं हाये त्याचं?"
आणि खरंच, झाकण उघडून दाखवलं त्याने,
जसा एखादा पानदान पुढे करतो.
एकावर एक, रबर लावून.

इतवारीनने मान लांब केली.
"मोर वाला ला देखा न, थोकिन."
पळून जायला नाही. फोटो बघायला.
त्यात तिच्या नाकात फुली होती.
तिने तो अंगठ्याने पुसला, पोराला दाखवला,
आणि परत दिला.
मुनशीने हात पुढे केलेलाही नव्हता.

हे कुठल्या रकान्यात बसतं?
ओळखपत्रे ताब्यात ठेवली आहेत काय:
होय. नाही. लागू नाही.

सर म्हणाले, वीट आपल्या साखळीत येतच नाही.
वीट एकदा आली, बांधकामात गेली,
बांधकाम भांडवली खर्चात गेलं,
टॉवेलात कुठे आहे वीट?
काऊन ताणता, मॅडम.
चहा मागवला त्यांनी, माझ्यासाठी बिनसाखरेचा.
वाईट माणूस नाही. लक्षात ठेवतो.

मराठीत वीट आली आणि वीट आला
यात एक वेलांटी आणि एक काना, एवढंच अंतर.
निळ्या रिबिनीच्या दुकानाला हे सांगता येणार नाही,
तीनशे अक्षरांत तर नाहीच.

मी लिहिते: लागू नाही.
दोनशे एक्क्याण्णव शिल्लक, पडदा सांगतो.
एवढी जागा!
एवढ्या जागेत एक बाई बसेल, पोर बसेल,
डब्याचं झाकणसुद्धा बसेल.
मी पुढे टाइप करते: इतवारीन.
दोनशे चौऱ्याऐंशी.
आडनाव विचारायचं राहिलं. मुनशीला ठाऊक असेल.
कार्डावर होतं, मी फुलीच बघत बसले.

सव्वासहा. खाली कंपनीची गाडी हॉर्न देते आहे.
सर जिन्यावरून विचारतात, झालं का?
मी अजून 'जतन करा' दाबलेलं नाही.
पुसलेलंही नाही.